उत्तेजन आणि तरतूद : ग्रामीण प्राथमिक शाळेतील खेळ व सायकल, शिक्रापूर परिसराच्या संदर्भात

(१)

प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलांच्या शरीरसंवर्धनाचा प्रश्न अखिल हिंदुस्थानच्या पातळीवर अधिकृतपणे मांडला गेला तो १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाच्या शिफारशींत. देशी खेळ, व्यायाम, शाळेतील कवायत आणि त्या त्या शाळेच्या परिस्थितीस साजेसे इतर शारीरिक श्रम यांना उत्तेजन देऊन प्राथमिक शाळांतील मुलांची शारीरिक वाढ साधावी, असा त्या शिफारशीचा आशय होता. तीमधील ‘उत्तेजन’ ही कल्पना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. उत्तेजन द्यावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, ते कोणी करावयाचे, त्यासाठी जागा, वेळ आणि पैसा कोठून आणावयाचा, ह्यांपैकी कोणताही प्रश्न त्या कल्पनेत अंतर्भूत होत नाही. पुढील सव्वाशे-दीडशे वर्षांत समित्या बदलल्या, राज्यकर्ते बदलले, व्यायामाचे हेतूही बदलले. परंतु ग्रामीण प्राथमिक शाळेच्या बाबतीत उत्तेजनाचा उपदेश मुबलक आणि तरतूद मात्र तुटपुंजी, ही स्थिती फारशी बदलली नाही. ह्या विसंगतीची कारणपरंपरा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ह्या विवेचनासाठी शिक्रापूरचा परिसर घेण्याचे कारण भौगोलिक आहे. शिरूर तालुक्यातील हे गाव पुणे-नगर रस्त्यावर, पुण्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरांच्या आत वसले आहे. येथूनच चाकणकडे जाणारा रस्ता फुटतो. जवळच तळेगाव ढमढेरे आणि वेळ नदीचे खोरे आहे. गावठाण एकीकडे आणि वाड्यावस्त्या शेतांतून विखुरलेल्या, ही पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील सर्वपरिचित वस्तीरचना येथेही आढळते. १८१७ च्या अखेरच्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली इंग्रजांची कवायती पलटण ह्याच वाटेच्या परिसरातून पुण्याकडे येत होती आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगाव भीमा येथे तिची पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली. त्यानंतर ह्याच रस्त्याने शाळाखात्याचे तपासनीस आले, पुढे शिक्षकाची सायकल आली आणि अखेरीस कारखान्यांची अवजड वाहने आली. शालेय मुलाच्या शरीराचा इतिहास आणि ह्या रस्त्याचा इतिहास परस्परांत कसे गुंतले आहेत, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

(२)

इंग्रजी अमलापूर्वी व त्याच्या आरंभकाळी शाळा आणि तालीम ह्या दोन सर्वस्वी भिन्न संस्था होत्या. पंतोजींची शाळा देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या गृहस्थाच्या पडवीत भरे. धुळाक्षरे, पाढे, हिशेब आणि मोडी वाचन एवढा तिचा व्याप. मुलाने मांडी घालून एका जागी बसावे हीच तेथील शिस्त. तालीम ही त्याहून निराळी. तिचा गुरू वस्ताद, तिची जागा मातीचा हौदा आणि तिचे शिक्षण दंड, जोर, बैठका, मल्लखांब व कुस्ती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी मल्लविद्येला व विशेषतः मल्लखांबाला जे रूप दिले ते ह्याच परंपरेतील होय. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले यांनी तरुणपणी दांडपट्ट्यासारखी विद्या आत्मसात केली. म्हणजे तालमीचा आखाडा शाळेच्या मानाने काही प्रसंगी अधिक मोकळाही असे. तथापि लहान मूल, आणि त्यातही मुलगी, ह्या दोहोंना तालमीत स्थान नव्हते. मुलींचे झिम्मा-फुगडी व भोंडला हे खेळ सणावारांशी बांधलेले, तर मुलांचे सूरपारंबी, विटीदांडू, लंगडी, हुतूतू हे खेळ गुरे राखताना किंवा तिन्हीसांजा गावाच्या मोकळ्या जागेत चालत.

नव्या सरकारी शाळेने पंतोजींच्या शाळेची जागा घेतली. तालमीची जागा मात्र कोणी घेतली नाही. परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत मुंबई इलाख्यात तेव्हा रूढ होती. ज्याची परीक्षा नाही ते विषय अशा पद्धतीत मागे पडावेत, हे स्वाभाविकच होते. हंटर आयोगाची शिफारस ह्या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे तिचे दौर्बल्य ध्यानी येते. शिवाय खेड्यातील मूल शेतात राबते, ओढ्याविहिरींत पोहते, मैल-दीड मैल चालून शाळेत येते. त्याला निराळ्या व्यायामाची गरज ती काय, अशी एक समजूत अधिकाऱ्यांत आणि गावकऱ्यांतही दृढ होती. ही समजूत काही अंशी वस्तुस्थितीला धरूनही होती. परंतु तिच्यात एक गफलत होती. श्रम आणि खेळ ह्यांत फरक आहे. श्रमाचा हेतू दुसऱ्याने ठरविलेला असतो, खेळाचा हेतू खेळणाराच ठरवितो. आणि बालवयात शरीराची सर्वांगीण वाढ व्हावयाची ती बहुतांशी ह्या दुसऱ्या प्रकारच्या हालचालीने.

(३)

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात शारीरिक शिक्षणाची जी मोठी चळवळ उभी राहिली तिचे श्रेय सरकारी शिफारशींस नव्हे, तर खासगी संस्थांस द्यावे लागेल. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ मध्ये, अमरावतीचे श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये, तर पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ व लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ मध्ये स्थापन झाले. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्याने सांघिक व्यायामाची एक पद्धतच निर्माण केली. खोखो, हुतूतू, आट्यापाट्या ह्या देशी खेळांचे नियम ह्याच काळात निश्चित करण्यात आले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. व्यायामविषयक ज्ञानाचे संकलन करणारा बहुखंडी व्यायाम-ज्ञानकोश बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झाला.

ह्या कार्याचे मोल निर्विवाद आहे. तरीही ग्रामीण प्राथमिक शाळेच्या दृष्टीने त्यास दोन मर्यादा होत्या. एक, ही चळवळ मुख्यतः शहरांत व तरुणांत वाढली. देश दुबळा झाला आहे, तो बलवान करावयाचा, ही तिची प्रेरणा असल्याने तिच्या दृष्टीसमोर भावी सैनिक किंवा स्वयंसेवक होता, सात वर्षांचे मूल नव्हे. दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. खेळाला नियम आले म्हणजे त्याला आखलेले मैदान, पंच आणि ठरावीक संख्येचे संघ आले. मैदानावर खोखोत एका बाजूचे नऊ आणि कबड्डीत सात. अंगणातील खेळात जितकी मुले असतील तितकी सामावली जात. नियमबद्ध खेळात उरलेली मुले कडेला उभी राहून प्रेक्षक झाली. खेळाचा दर्जा वाढला, खेळणाऱ्यांची संख्या त्या मानाने वाढली नाही.

ह्या संदर्भात औंध संस्थानाचा प्रयोग वेगळा ठरतो. भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. पुढे १९३८ मध्ये त्यांच्या पद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ विलायतेत प्रसिद्ध झाला. नमस्काराला साधन लागत नाही, संघ लागत नाही. मुलाच्या स्वतःच्या उंचीएवढी जागा पुरते, आणि वर्गातील प्रत्येक मूल एकाच वेळी ते करू शकते. खेड्यातील शाळेची अडचण ओळखून केलेली ही तरतूद होती, केवळ उत्तेजन नव्हे. मात्र ती राजाच्या व्यक्तिगत निष्ठेवर उभी होती; आणि नमस्कार हा व्यायाम आहे, खेळ नव्हे, हेही विसरता येत नाही.

(४)

१९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई प्रांताचा कारभार हाती घेतला. स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षण समिती नेमण्यात आली आणि १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था सुरू झाली. तरतुदीच्या दिशेने पडलेले हे पहिले मोठे पाऊल होय. परंतु प्रशिक्षित शिक्षकांचा ओघ प्राधान्याने माध्यमिक शाळांकडे वळला. एकशिक्षकी किंवा दोनशिक्षकी प्राथमिक शाळेत व्यायामासाठी स्वतंत्र शिक्षक नेमणे प्रांतिक सरकारच्या आर्थिक आवाक्याबाहेरचे होते.

ह्याच सुमारास वर्धा येथील विचारमंथनातून मूलोद्योग शिक्षणाची योजना पुढे आली. झाकिर हुसेन समितीने सुचविलेले दैनिक वेळापत्रक अभ्यासण्यासारखे आहे. एकूण साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगास, ४० मिनिटे संगीत, चित्रकला व गणितास, ४० मिनिटे मातृभाषेस, ३० मिनिटे सामाजिक शास्त्रे व सामान्य विज्ञानास, १० मिनिटे शारीरिक शिक्षणास आणि १० मिनिटे मधल्या सुटीस. हाताला प्रतिष्ठा देणाऱ्या, पुस्तकी शिक्षणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या योजनेतदेखील शरीराच्या वाट्याला दहा मिनिटे आली. उद्योगात शरीर राबतेच, ही जुनी समजूत येथे नव्या तात्त्विक वेषात पुन्हा अवतरली असे म्हणावयास हरकत नाही. उलटपक्षी, १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर लेझीम, खेळ आणि गाणी ह्यांत मुलांबरोबर मुलीही सामील झाल्या; परंतु हे कार्य शाळेच्या भिंतींबाहेर, सायंकाळी आणि कार्यकर्त्यांच्या उत्साहावर चाले.

स्वातंत्र्योत्तर काळात योजनांची उणीव नव्हती. १९५६ मध्ये शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय योजना तयार झाली. १९५४ पासून जगन्नाथराव भोसले यांच्या प्रेरणेने राष्ट्रीय शिस्त योजना चालू होतीच. तिच्यासह अनेक समांतर योजनांची छाननी १९५९ मध्ये नेमलेल्या कुंझरू समितीने केली, आणि १९६५ मध्ये त्यांच्या एकीकरणातून राष्ट्रीय स्वास्थ्य दलाची योजना आली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ह्या सर्व प्रयत्नांवर मार्मिक टीका केली : शरीरसामर्थ्यावरच भर देण्यात आला, शारीरिक शिक्षणाच्या शैक्षणिक मूल्याकडे दुर्लक्ष झाले. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि शिक्रापूरसारख्या गावांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. पुणे जिल्हा परिषदेच्या यशवंतराव चव्हाण कला व क्रीडा महोत्सवात केंद्र, बीट, तालुका आणि जिल्हा अशा पायऱ्यांनी प्राथमिक शाळांतील मुले लंगडी, खोखो, कबड्डी, धावणे ह्यांत उतरतात. खेड्यातील मुलाला आपल्या वाडीबाहेरचे मैदान दिसते ते बहुधा ह्याच निमित्ताने. पण प्रत्येक पायरीवर मुले गळत जातात. स्पर्धेचा तो धर्मच आहे. ज्या मुलाला हालचालीची सर्वांत अधिक गरज असते ते पहिल्याच पायरीवर मागे राहते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रथमच तरतुदीची भाषा वापरली. शाळेसाठी क्रीडांगण असलेच पाहिजे, असे त्याच्या अनुसूचीत नमूद झाले. परंतु त्याच अनुसूचीत आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे तो सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तोही पटसंख्या शंभरावर असेल तेथे. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी असा निदेशक सांगितलेलाच नाही. तेथे वर्गशिक्षकाच्या हौसेवरच सारे अवलंबून राहते. १८८२ चे ‘उत्तेजन’ अशा रीतीने सव्वा शतकानंतरही आपल्या जागी टिकून राहिले.

(५)

शाळेतील व्यायामाच्या ह्या इतिहासात एक साधन कोठेच दिसत नाही. ते म्हणजे सायकल. तालीम, कवायत, देशी खेळ, नमस्कार, मूलोद्योग ह्या सर्वांचा ऊहापोह झाला. सायकलीला शैक्षणिक साधन म्हणून मात्र प्रतिष्ठा मिळाली नाही. वस्तुतः ग्रामीण महाराष्ट्रात मुलांनी स्वखुशीने, कोणाच्याही आज्ञेवाचून आत्मसात केलेले शारीरिक कौशल्य म्हणून पोहण्याच्या जोडीला सायकलीचेच नाव घ्यावे लागेल.

स्वातंत्र्यापूर्वी सायकली प्रामुख्याने विलायतेहून येत; खेड्यात त्या शिक्षक, टपालवाला किंवा एखादा सधन शेतकरी यांच्याकडे असत. स्वातंत्र्योत्तर पहिल्या दशकात सोनीपत, लुधियाना, आसनसोल व मद्रासनजीक देशी कारखाने उभे राहिले आणि सायकल हळूहळू सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पुणे शहराची तर सायकलींचे शहर अशी ख्याती झाली. गावोगावी तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने निघाली. ही सायकल मोठ्या माणसाच्या मापाची. मुलाचे पाय बैठकीवरून पेडलापर्यंत पोचत नसत. म्हणून नळीखालून एक पाय पलीकडे घालून, अंग तिरके करून, अर्धेच पेडल फिरवीत ते शिके. हा ‘हाफ पायडल’ म्हणजे ग्रामीण बालकाने आपल्यासाठी न केलेल्या वस्तूवर शोधून काढलेला स्वतःचा उपाय होता. थोरला भाऊ मागून कॅरियर धरी आणि नकळत सोडून देई. गुडघे फुटत, आणि एके दिवशी तोल सापडे. तोल, धैर्य, अंतराचा अंदाज आणि यंत्राची जुजबी जाण असे पुष्कळ शिक्षण ह्या एका खटाटोपात होत असे. ते कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते एवढेच.

मुलींना हे शिक्षण बरेच उशिरा मिळाले. ह्या बाबतीत इतर प्रांतांचा अनुभव उद्बोधक आहे. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतील मुलींना सायकलीसाठी साहाय्य देण्यास आरंभ केला. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींच्या नोंदणीत ३२ टक्के वाढ झाली. आणि जेथे शाळा तीन किलोमीटर किंवा अधिक दूर होती तेथे हा परिणाम विशेषेकरून दिसला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्यात आल्या. येथे उपदेश नव्हता, प्रत्यक्ष वस्तू होती. म्हणूनच परिणाम घडला. परंतु ह्या योजनांचा हेतू शाळेपर्यंत पोचविणे हा होता, शरीरसंवर्धन नव्हे. आणि प्राथमिक वर्गांतील मूल त्यांच्या कक्षेबाहेरच राहिले.

महाराष्ट्राच्या २०११ च्या शिक्षणहक्क नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे अभिप्रेत आहे. तीन किलोमीटर चालत जाण्यास मुलाला पाऊण तास लागतो. सायकलीवर साधारण वेगाने पंधरा मिनिटे. जाऊन-येऊन अर्धा तास झाला. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी एक तास मध्यम ते जोरकस हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० चे मार्गदर्शन आहे. म्हणजे वरच्या प्राथमिक वर्गांतील मुलाची निम्मी गरज, वेळापत्रकातील एक मिनिटही न मागता, शाळेच्या वाटेवरच भागू शकते. सरकारी नियमाने आखलेले अंतर सायकलीस अगदी योग्य आहे. प्रश्न उरतो तो वाटेचा.

(६)

आणि नेमका येथेच शिक्रापूरचा रस्ता आडवा येतो. १९९० नंतरच्या दशकांत सणसवाडी व रांजणगाव येथे औद्योगिक वसाहती वाढल्या, पलीकडे चाकणचा वाहनउद्योग फोफावला, आणि ह्या तिन्हींना जोडणारा चौक शिक्रापूर येथे येतो. कारखान्यांनी रोजगार आणला, परगावच्या व परप्रांतांच्या कामगारांची कुटुंबे आणली, शाळांचा पट वाढविला. त्यांचा हा लाभ नाकारता येणार नाही. त्याबरोबरच अवजड वाहनांची अखंड रांगही आणली. अशा रस्त्यापलीकडे शाळा असेल तर आठ-दहा वर्षांच्या मुलाला एकटे सायकलीवर धाडण्याचे धाडस कोणता पालक करील? ज्याला ऐपत आहे तो मोटारसायकलीवर सोडतो किंवा शाळेच्या गाडीचे भाडे भरतो. शेतीच्या कामातूनही मुले बऱ्याच अंशी मुक्त झाली; ही इष्टच गोष्ट झाली. परंतु श्रम गेले, चालणे कमी झाले, मोकळ्या जागांवर बांधकामे झाली, आणि खेड्यातील मूल आपोआपच काटक असते ह्या शंभर वर्षांच्या समजुतीचा पाया खचला. त्या समजुतीवर विसंबून जी तरतूद पुढे ढकलली गेली होती तिची निकड आता उघडी पडली.

अन्यत्र ह्या परिस्थितीला समाजाने कसे तोंड दिले ह्याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. नेदरलँड्स हा देश आज मुलांच्या सायकलींसाठी प्रसिद्ध आहे. पण ती काही त्या देशाची उपजत देणगी नव्हे. मोटारींच्या वाढीबरोबर तेथेही सायकल मागे हटत होती. १९७१ मध्ये रस्त्यांवरील अपघातांत तेथे सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाचे नाव घेऊन पालकांनी चळवळ उभारली. १९७६ मध्ये वाहनांची गती अत्यंत मंद ठेवणाऱ्या निवासी रस्त्यांना कायद्याची मान्यता मिळाली, आणि पुढे वेगळ्या सायकलमार्गांची जाळी विणली गेली. मुलांनी सायकल चालवावी असा उपदेश त्या पालकांनी केला नाही. मुलांना वाट द्या, अशी मागणी त्यांनी केली. दोन्ही देशांच्या परिस्थितीत व ऐपतीत महदंतर आहे हे खरे. तथापि मागणीची दिशा अभ्यासण्यासारखी आहे.

ग्रामीण महाराष्ट्रात असे सामूहिक कर्तृत्व नाही असे मानण्याचे कारण नाही. शिक्रापूरच्याच परिसरातील वाबळेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेचे लोकसहभागातून झालेले परिवर्तन २०१० नंतरच्या दशकात राज्यभर चर्चिले गेले. वर्गखोलीसाठी जे गाव पुढे येते ते मैदानासाठी आणि शाळेच्या वाटेसाठी येणार नाही, असे म्हणता येत नाही. मात्र मैदान आणि वाट ही देखील शाळेचीच अंगे आहेत, ही गोष्ट आधी मान्य व्हावयास हवी.

(७)

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. ग्रामीण प्राथमिक शाळेतील शारीरिक शिक्षण मागे पडले ते कोणी त्याला विरोध केला म्हणून नव्हे. विरोध जवळजवळ कोणीच केला नाही. त्यास दोन गृहीते कारणीभूत झाली : खेड्यातील मूल आधीच बळकट असते हे एक, आणि शरीर घडवावयाचे ते राष्ट्रासाठी, शिस्तीसाठी किंवा पदकासाठी, हे दुसरे. पहिल्याने तरतूद अनावश्यक ठरविली, दुसऱ्याने ती निवडक मुलांपुरती मर्यादित केली. ह्या दोहोंच्या मध्ये, स्वतःच्या आनंदासाठी हालचाल करणारे साधे मूल निसटून गेले. मोठ्यांच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालणारे मूल तेच होते. त्याला उत्तेजनाची गरज कधीच भासली नव्हती. त्याच्यापाशी मोकळी वाट होती.

चौकापलीकडील शाळेत जाणाऱ्या आजच्या मुलापाशी ती उरलेली नाही. त्याच्या शाळेच्या वेळापत्रकात खेळाची तासिका किती, हे तपासण्याबरोबर शाळेभोवतीच्या एका किलोमीटरात ते निर्धास्तपणे चालू, धावू आणि सायकल चालवू शकते काय, हेही यापुढील अभ्यासकांनी व शिक्षणाधिकाऱ्यांनी तपासले पाहिजे. शारीरिक शिक्षणाचा इतिहास आजवर संस्था, समित्या आणि संघ ह्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. तो गावच्या जागेचा आणि रस्त्याचा इतिहास म्हणूनही लिहिला जाणे अगत्याचे आहे.